जहाजात बसण्याआधी गाडी कुठे लावावी

मु. सचिन, जि. सुरत

तीर्थरूप अनुसयाफुई यांना गायत्रीचा वाकून नमस्कार. (ही ओळ लिहिताना खरोखर वाकले. धाकट्या वैभवने पेन पडलं का म्हणून विचारलं.) फुवांचा गुडघा आता कसा आहे? प्रशांतदादाची मुलगी एव्हाना चालायला लागली असेल. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे परवाच्या रविवारपर्यंत तरी होतो.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. प्रशांतदादाच्या लग्नातल्या त्या साडीपासून पप्पांनी घरात ताकीद दिली आहे की माझगावला तुमच्या घरी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीकडे, कोणी फोन लावायचा नाही. मी पप्पांचा शब्द मोडणारी नाही. पण पत्राबद्दल ते काही बोललेले नाहीत. व्हॉट्सॅप हा फोनच धरावा लागेल, असं मी बराच विचार करून ठरवलं. टपालाला मात्र फोन म्हणता येणार नाही. तेव्हा केवळ पार्किंगच्या माहितीसाठी लिहिते आहे, गैरसमज नसावा.

झालं असं, की पप्पा ज्यांच्या लूमच्या कारखान्यात कामगारांवर मास्तर आहेत त्या शेठच्या घरातले क्रूझवर जाणार होते. मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रात राहायचं आणि परत मुंबईला यायचं. पण सूनबाईंना दिवस गेले आणि डॉक्टरांनी बोट नको म्हटलं. शेठने नावं बदलून ती तिकिटं पप्पांना दिली. मम्मीने आयुष्यात डुमसच्या किनाऱ्यापलीकडचा समुद्र पाहिलेला नाही. ती लगेच कळण्याच्या भाकरी किती दिवस टिकतात याचा हिशोब करू लागली. (जहाजावर बाहेरचं खाणं चालत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.)

जहाजाचं सगळं ठरलेलं आहे. काळजी आहे ती जहाजापर्यंत पोचण्याची. सुरतहून मुंबईला रेल्वेगाड्या खूप, पण पप्पांनी नुकतीच जुनी ईको घेतली आहे आणि ती घेऊनच जायचं आहे. मग ती ठेवायची कुठे? बंदराजवळच्या एका पार्किंगवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, चावी आमच्याकडे ठेवावी लागेल. पप्पा म्हणाले, “चाबी दिधी म्हंजे गाडी दिधी.” ते पार्किंग बाद. आदल्या रात्रीसाठी हॉटेल पाहिलं, तर तिथल्या माणसाने मुंबईतल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव विचारलं. मी पप्पांकडे पाहिलं. “सांग, मुंबईमा आपलं कोनी नही.” तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेलं पडलं. मम्मीच्या हातून भांडं सहसा पडत नाही. मी त्या माणसाला मागून कळवते म्हटलं, कारण खोटं मला सांगता येत नाही आणि खरं सांगायला परवानगी नाही.

मग मला वाटलं, एकदा तालीम करून पाहावी. रविवारी सामान भरून नवसारीला जायचं, नवसारीचं स्टेशन म्हणजे बंदर धरायचं, तिथे गाडी लावायची आणि रिक्षाने फिरून यायचं. वैभव हॉटेल झाला. (म्हणजे तो फाटकाशी उभा राहिला. पप्पांनी त्याला “रूम तयार शे का?” विचारलं, तर तो “आधार कार्ड द्या” म्हणाला आणि पाठीत धपाटा खाल्ला.) रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही, एक फेरी मारून इथेच सोडा. त्याने चार बॅगा पाहिल्या, मग पप्पांकडे फार माणुसकीने पाहिलं आणि रिक्षा हळू चालवली.

पण खरी फजिती त्याआधीच होऊन गेली होती. आमच्या गल्लीत कुणी बॅगा घेऊन निघालं की त्याला तसंच जाऊ देत नाहीत. शेजारच्या पुष्पाबाई ओवाळायला तबक घेऊन आल्या, पाठोपाठ अख्खी गल्ली आली. मम्मीची ओटी भरली, गाडीपुढे नारळ फुटला, एका आजींनी तर मम्मीच्या गळ्यात पडून रडून घेतलं. इतक्या प्रेमाने निरोप देणाऱ्यांना “आम्ही नवसारीला पार्किंग बघायला चाललोय” असं कोणत्या तोंडाने सांगणार? सांगायचं म्हणून मी तोंड उघडलंही, तर पुष्पाबाईंनी त्यात पेढा घातला.

दुपारच्या जेवणाला आम्ही परत.

“काय वं, जहाज डुबनं का काय?” पुष्पाबाई ओरडल्या. मम्मी खाली मान घालून घरात गेली, ती अजून पाणी भरायलासुद्धा बाहेर येत नाही. आता खरोखर निघू तेव्हा ओवाळायला कुणी येणार नाही, याचं तिला फार वाईट वाटतं.

असो. सर्वांना नमस्कार. छोटीला पापा.

तुमची,
गायत्री

ता. क. – मी नकाशावर हॉटेल, पार्किंग आणि बंदर तिन्ही खुणा करून पाहिल्या. मधोमध तुमची बिल्डिंग येते. हा नकाशाचा दोष, माझा नाही.

ता. क. २ – आता लिहायला बसलेच आहे तर लिहिते. लग्नात पप्पांनी तुम्हाला आहेरात दिलेली साडी तुम्ही खोकं पाहून बाजूला ठेवलीत आणि चारचौघांत म्हणालात, “सुरतवाल्यांना काय, किलोने मिळतात.” फुई, ती पैठणी होती. पप्पा स्वतः येवल्याला जाऊन, विणकराच्या ओट्यावर दिवसभर बसून निवडून आले होते. तिथे साध्या कागदात बांधून दिली, ते बरं दिसेना म्हणून मम्मीने घरातलं सुरतचं चकचकीत खोकं वापरलं. खोकं उघडलं नसेल तर कृपा करून उघडा. पप्पा हे मेले तरी सांगणार नाहीत.

ता. क. ३ – खरं म्हणजे विनंती एवढीच, की तुम्ही पप्पांना एक फोन करावा. (आम्ही लावायचा नाही असं ठरलं आहे, आलेला घ्यायचा नाही असं नाही.) राहायला या म्हणू नका, ते येणार नाहीत. कंपाउंडमध्ये गाडीला जागा आहे आणि चावी द्यावी लागत नाही, एवढंच म्हणा. पप्पा स्वतःसाठी येणार नाहीत, पण गाडीसाठी येतील. वर कसं आणायचं ते मम्मी बघेल. ओवाळायचं तबक मात्र तयार ठेवा, तिच्यासाठी.

ता. क. ४ – पाकीट टेबलावर राहिलं आणि पप्पांनी पाहिलं. त्यांनी पत्ता वाचला, माझं पेन घेतलं, ‘बी विंग’ खोडून ‘सी’ केलं, पिनकोडही दुरुस्त केला. सगळं तोंडपाठ. “साध्या टपालानं कवळ पोचई? स्पीड पोस्ट कर,” म्हणाले, आणि खाली जाऊन गाडी धुवायला लागले.