शांत माणसाने वकील व्हावं का

३ जून, सकाळ
विचार पक्का होत आलाय: वकील व्हायचं. लॉ कॉलेजची संध्याकाळची बॅच आहे, साडेसहा ते नऊ, तीन वर्षं. काल गॅरेजमध्ये एक गिऱ्हाईक गाडीच्या दारावरच्या पोच्यावरून मला अडाणी म्हणालं. मी बी.कॉम. आहे. पोचे काढणारा डेंटर झालो म्हणून पदवी गंजत नाही. मी त्याला शांतपणे बॉनेटवर आडवा केला. चौकीत त्याचंच ऐकलं, कारण त्याला कलमं पाठ. कायदा येत असता तर सनदशीर आडवा केला असता.

५ जून
बायकोला सांगितलं. म्हणे, माझी ड्यूटी दोन ते दहा, संध्याकाळी लेकीजवळ कोण थांबणार? नऊ वर्षांची घोडी झालीये, म्हटलं. तर म्हणते, तिच्या वर्गशिक्षिकेचं नाव सांग बघू. विषयांतर. कोर्टात असलं चालत नाही. बोलता बोलता कपाटाच्या दाराला हात लागला. दार मुळातच तकलादू.

८ जून
संकल्प. पहाटे पाचला उठून अभ्यास. आणि राग बंद, आजपासून.

९ जून, ८.४०
पाचला गजर झाला. घड्याळ आता दोन ठिकाणी आहे.

१२ जून
मालकाकडे रोज संध्याकाळी सहाला सुटी मागितली. म्हणाला, तुझ्या हातापायी दोन कारागीर सोडून गेले. धादांत खोटं. एकच सोडून गेला, दुसरा दवाखान्यात गेला. मी मालकाची कॉलर धरून मुद्दा मांडत होतो, तेवढ्यात पेंटर मध्ये पडला. त्याचा दात गेला. तक्रार नाही, असा समजुतीचा कागद नेहमीप्रमाणे मीच लिहिला. गॅरेजातले असे सगळे कागद माझ्याच हातचे. भाषा सगळ्यांना आवडली, पेंटरलासुद्धा, पण त्याला नीट बोलता येत नव्हतं.

१५ जून
बायकोचा इशारा: पुन्हा घरात हात उगारलास तर लेकीला घेऊन भावाकडे जाईन, ती कायमची. पुन्हा म्हणजे? मागचं ते मारणं नव्हतंच, हात लागला होता. हेतू नसेल तर गुन्हा नाही, कायद्याच्या पुस्तकात आहे. वाचून दाखवलं. ती उठून चालली म्हणून मनगट धरून वाचून दाखवलं. धरणं म्हणजे उगारणं नव्हे.

१८ जून, संध्याकाळी सहा
आज गॅरेजला दांडी मारून प्रवेशअर्ज भरतोय. 'आपल्याविरुद्ध पोलीस तक्रार आहे का?' नाही. मिटवलेली तक्रार ही तक्रार नव्हे. उद्या शेवटची तारीख. लेक शेजारी गणितं सोडवतेय. बायको उगाच बाऊ करते. घर आणि शिक्षण दोन्ही जमतंय की.

साडेसात
लेकीचं कोपर लागून दूध अर्जावर सांडलं. एक ठेवून दिली. एकच. ती रडली नाही. दोन्ही हातांनी डोकं झाकून टेबलाखाली गेली आणि तिथून विचारलं, बाबा, झालं का? मी म्हटलं, झालं. तरी बाहेर येईना. इतक्या सराईतपणे खाली गेली की अर्ज पुसायचा राहून गेला.

१९ जून
नवा अर्ज आणून भरला, दिला. बायको लेकीला घेऊन गेली. मी अडवलं नाही. दारात मेव्हणा उभा होता, आणि मी मुळात शांत माणूस. दोन दिवसांत येतील. भावाकडून तिला कामावर जायला लांब पडतं.

२ जुलै
दोन दिवस अजून झालेले नाहीत. फोन केला. लेक बोलायला आली नाही. तिच्या वहीवर शिक्षिकेचं नाव सापडलं, ते पाठ केलं. बायकोला सांगितलं. म्हणाली, त्या बाई मागच्या वर्षीच्या.

११ जुलै
यादी लागली. माझं नाव चौथं. मालकही म्हणाला, सहाला जात जा, आम्हालाही बरं. घर खायला उठतं. संध्याकाळी लेकीजवळ कोण थांबणार, एवढीच काय ती अडचण होती. ती आता राहिली नाही.