फळ्यासमोरची वीस मिनिटं

१० ऑगस्ट २०२५, रविवार

बसू दिलं! बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाच्या रविवारच्या जादा वर्गात!

सकाळच्या पॅसेंजरनं पुलगावहून वर्धा, स्टेशनवरून कॉलेजपर्यंत पायी. उज्वला मॅडम तिथं गणित शिकवतात. विज्ञान प्रदर्शनात माझी वही पाहून त्यांनीच बोलावलं होतं. दारात विचारलं, "अंकिता, बारावीत आहेस. झेपेल?" म्हटलं, झेपेल. हजेरी नाही, मार्क नाहीत, फक्त दर रविवारी यायचं. फळ्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवलं. रिअल ॲनालिसिस — आमच्या शाळेत हे नाव तरी कोणी ऐकलं असेल का!

१७ ऑगस्ट, रविवार

आज सतरा पानं भरली. बाबा शेजारच्या काकांना सांगत होते, "आमची पोरगी बारावीत राहून कॉलेजचं गणित करून राह्यली." भेंडीची पाटी डोक्यावर, आणि छाती ही एवढी.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज वर्गात जे झालं ते नीट लिहून ठेवते.

ढोले सर आमचे गणिताचे सर. आठवीपासून तेच. सीईटीसाठी एक झटपट रीत दाखवत होते — एक्स शून्याकडे जाताना साइन एक्स भागिले एक्सची लिमिट, वरचं डेरिव्हेटिव्ह, खालचं डेरिव्हेटिव्ह, झालं, उत्तर एक. रविवारीच उज्वला मॅडम म्हणाल्या होत्या की हे चालत नाही. मी उभी राहिले. "सर, साइनचं डेरिव्हेटिव्ह काढायलाच ही लिमिट लागते. जे दाखवायचं तेच तुम्ही आधी धरून चाललात."

मागून कोणीतरी हसलं. मग सर खडू पुढे करून म्हणाले, "मंग तूच ये. सांग सगळ्यायले."

मी बसू शकले असते. मी गेले.

वीस मिनिटं बोलले. वर्तुळ काढलं, त्रिकोण काढले, दोन्हीकडून दाबत उत्तर एकवर आणलं. शेवटी टाळ्या! सर दाराजवळ उभे होते, हातात डस्टर. घंटा झाल्यावर त्यांनीच फळा पुसला.

टाळ्या आठवल्या की बरं वाटतं. डस्टर आठवला की नाही वाटत.

११ सप्टेंबर, गुरुवार

वर्गातल्या पीयूषनं त्या वीस मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. मला माहीत नव्हतं. 'बारावीच्या पोरीनं घेतली मास्तरचीच शाळा' — वर हसणारी तोंडं. पुलगावच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. आर्वीहून मावशीचा फोन आला. पीयूषला म्हटलं, काढून टाक. तो म्हणाला, "आता कुठून काढू? माह्या हातात थोडीच राह्यला."

खरं तर मी हे त्याला काल म्हणायला हवं होतं. काल मी तो चार वेळा पाहिला.

१५ सप्टेंबर, सोमवार

संस्थेचे अध्यक्ष भैय्याजी शाळेत आले होते. ऑफिसात बोलावलं. पेढा दिला. म्हणाले, काही पालकांनी व्हिडिओ दाखवून तक्रार केली आहे. मग हळूच — "खरं सांग बेटा, ढोले सरले येत नाई का?"

मी म्हटलं, "येतं. पण थोडं जुनं आहे त्यांचं."

एवढंच. सहा शब्द. पेढा तोंडातच होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ढोले सरांना आठवीवर टाकलं. आम्हाला तासिका तत्त्वावर नवे सर येणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सर व्हरांड्यात समोरून आले. मी मान खाली घातली. ते नेहमीसारखं "काय अंकिता" म्हणाले आणि पुढे गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

नवे सर गाईडमधलं फळ्यावर उतरवतात आणि आम्ही फळ्यावरचं वहीत. विचारलं की म्हणतात, "हे असंच असते, पाठ करा."

आज रुचिका रडली. पहिलीपासूनची माझी मैत्रीण. तिला नर्सिंगला नाही, इंजिनिअरिंगलाच जायचंय, घरी भांडून गणित घेतलं. म्हणाली, "तुले काय, तुले कॉलेजच्या मॅडम हायेत. मले तर ढोले सरच होते. पाच-पाच वेळा सांगत होते, चिडत नव्हते." मी म्हटलं, मी शिकवते ना तुला. ती म्हणाली, "नको. तू लय पटपट सांगतं. मंग मले लाज वाटते."

सर गेले की बाकीच्यांचं काय, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. वर्गात आम्ही अडतीस जणं आहोत.

५ ऑक्टोबर, रविवार

वर्ध्याला गेले नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीचे लाडू डब्यात घेऊन नाचणगावला सरांच्या घरी गेले. सायकल दोनदा वळवली, परत फिरवली.

दार कुसुमबाईंनी उघडलं. सरांच्या बायको. ओळखलं त्यांनी — व्हिडिओत पाहिलेलं असणारच. चहा ठेवला. सर मागच्या वाफ्यात मेथीला पाणी देत होते.

तोंड उघडलं आणि रडूच आलं. "सर, माफ करा." सरांनी पाण्याचा पाइप बाजूला टाकला.

"कायची माफी? तू बरोबर होती. मी ते तीस वर्सं तसंच शिकवलं. घरी येऊन पुस्तक काढलं, पाह्यलं. बरोबर होती तू."

मी म्हटलं, पण भैय्याजींना मी सांगितलं की तुमचं जुनं आहे.

हे त्यांना माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून कळलं. माझं मलाच कळेना की मी का सांगितलं.

सरांनी पाइप उचलला, म्हणाले, "एकट्यात सांगतलं असतं ना पोरी, तर दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यायसमोर म्हटलं असतं, काल माहं चुकलं. तुह्यं नाव घेऊन म्हटलं असतं." आणि मग, "चहा पी. थंडा होते."

कुसुमबाईंनी रिकामा डबा परत दिला नाही. त्यात मेथी भरून दिली. रस्ताभर ती मेथी पाहवत नव्हती.

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली. भैय्याजींच्या ऑफिसात गेले. उभ्यानंच म्हटलं, "मी चुकीचं बोलले होते. सरांना चांगलं येतं. ते जसं समजावतात तसं मला येत नाही. त्यांना बारावी परत द्या."

भैय्याजी फोनमध्ये काहीतरी पाहत होते. "आता टाइमटेबल झालं ना बेटा. पुढच्या वर्षी पाहू. तू आपला अभ्यास कर, आपल्या शाळेचं नाव काढायचं हाय तुले."

पुढच्या वर्षी! रुचिकाची परीक्षा फेब्रुवारीत आहे.

या वेळी पेढा नव्हता. असता तरी घेतला नसता, असं आता लिहिणं सोपं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रुचिकानं गणिताचा क्लास लावला, देवळीला. एसटीनं जाऊन-येऊन. माझ्याशी बोलते, पण गणिताचं काही बोलत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दीड महिन्यानं वर्ध्याला गेले. वर्गात शिरले तर शेवटच्या बाकावर ढोले सर! इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कोरी वही. म्हणाले, "मॅडमले फोन केलता. म्हटलं, म्हातारा विद्यार्थी चालते का." मी त्यांच्या शेजारी बसले.

आजचा विषय युनिफॉर्म कंटिन्यूइटी. मॅडमनी फळा भरला, वळल्या. सगळे वहीत उतरवत होते. सरांनी हात वर केला.

"मॅडम, मले नाई समजलं. पुन्हा सांगता का?"

मलाही नव्हतं समजलं. आजचं नाही, ऑगस्टपासूनचं काहीच नाही. हे मी या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही. त्या दिवशी शाळेच्या फळ्यावर मांडलं, तेही पाठच केलेलं होतं.