पेवाच्या तोंडाशी

सौंसर, गुरुवार
मे १९८४

प्रिय अनिल,

कंदील पुन्हा विझला, तेव्हा दोर माझ्या हातात होता. पेवाच्या तोंडातून तो खाली जात होता. ज्योत सरळ होती. तोंडाखालची अरुंद मान संपून पोट सुरू होतं तिथे ती बारीक झाली, निळी झाली आणि गेली. वारा नव्हता. मी दोर ओढून घेतला. मोरेश्वर कॅमेरा घेऊन गुडघ्यांवर बसले होते. फोटो हुकला म्हणून हळहळले. त्यांनी कंदील पेटवून परत माझ्या हातात दिला.

हे पेव सापडलं ते गोबरगॅसमुळे. गोठ्यामागे खड्डा खणताना माझा दीर गुणवंता याच्या कुदळीला फरशी लागली. फरशीखाली सासऱ्यांच्या वेळचं धान्याचं पेव होतं, शेणमातीनं लिंपून बंद केलेलं. सासरे गेले, घरात पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि पेव कुठे आहे याची कुणाला आठवण राहिली नाही. जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणासारखं ते आहे. वरून माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड. आतून आंबूस वास येतो. तळाशी ज्वारी आहे, ती टॉर्चच्या उजेडात दिसते. टॉर्च विझत नाही, आणि मोरेश्वरांना तेवढं पुरतं.

गुणवंता म्हणाला, "रेशनचं घासलेट हाय वहिनी. अर्धं तर बोरिंगचं पानीच असते त्याच्यात. कंदील तरी काय करन?" सगळे हसले. मीही हसले. मे महिन्यातल्या दुपारी माझी बोटं गार पडली होती.

पेवात आधी कंदील का सोडतात, ज्योत विझते तिथे माणूसही जगत नाही, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मोरेश्वरांना तर सगळ्यांत जास्त. माझ्या सासूबाईंचं, देवकाबाईंचं, माहेर बोरगावचं. तिथे एका पेवात एक माणूस ज्वारी काढायला उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. तोही आला नाही. तिसऱ्याला बायकांनी धरून ठेवलं, म्हणून तो वाचला. सासूबाईंनी हे आपल्या मुलाला काल सांगितलं, त्यांनी उतरू नये म्हणून. मोरेश्वर उठले आणि टेपरेकॉर्डर घेऊन आले. मध्येच छिंदवाड्याच्या बसचा भोंगा वाजला, तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी सासूबाईंचा आवाज फुटला. मोरेश्वरांनी मान हलवून त्यांना थांबू नका अशी खूण केली. मग टेप बंद केली, कॅसेटवर 'पेव, बोरगाव' असं लिहिलं आणि टॉर्चमध्ये नवे सेल घालायला बसले. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या काय विचारत होत्या ते मला कळलं.

तुझ्या जुन्या शेतीअवजारांच्या संग्रहासाठी मोरेश्वरांनी काय काय केलं ते तुला अर्धंच माहीत आहे. तिगावची पेरणीची तिफण त्यांनी स्टेशनपर्यंत खांद्यावर आणली, पॅसेंजरच्या गार्डाशी भांडून डब्यात चढवली. संत्र्याच्या कलमाच्या जुन्या चाकूंसाठी पांढुर्ण्याच्या पुंडलिकरावांकडे इतके खेटे घातले की त्यांची बायको यांना जावई म्हणायला लागली. चहा ठेवताना म्हणायची, जावई आले, आता काहीतरी जाईल घरातून. मला हे आवडायचं. शाळेत शिकवून थकून आलेला माणूस जुनी मोट पुसताना गुणगुणतो, यात वाईट काय होतं? तुझ्या विद्यापीठातल्या त्या खोलीत आमच्या भागाची एक भिंत असेल, आमच्या शेतीचं कुणीतरी नीट लिहून ठेवेल, याचा मलाही आनंद होता. आपण दोघं एम.ए.ला असताना काटोलकडच्या गावांत जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत फिरायचो. ती खोली तेव्हा आपल्या बोलण्यात होती.

तुझं पत्र सोमवारी आलं. तू त्यांना लिहिलंस की वरची ज्वारी किडलेली असते, तळातली मिळाली तर तो वाण परत पेरून बघता येईल. पुढे लिहिलंस, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. हे वाक्य तू सहज लिहिलं असशील. ते पत्र तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे.

मी नको म्हटलं. रागावून म्हटलं, मग हात जोडून म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अनिलराव येत्या सोमवारी जीप घेऊन येऊन राहिले," ते म्हणाले. "त्यांना रिकाम्या हातानं पाठवू काय?" बादलीला दोर बांधून वरून ज्वारी काढा म्हटलं, तर तळातली हवी म्हणाले. मग मी विहिरीचा दोर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या गंजीत लपवला. त्यांनी तो शोधला नाही, मला विचारलंही नाही. शनिवारी पांढुर्ण्याहून नवा आणतो आणि रविवारी उतरतो, एवढंच म्हणाले. ते विचारत नाहीत, याची मला पेवापेक्षा जास्त भीती वाटते. झोपेत त्यांचा श्वास मोजत बसते. थोडा लांबला तरी उठून बसते.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्यांना आपल्याबद्दल सांगितलं होतं. तू कधी घरी येऊन माझ्या वडिलांशी बोलला नाहीस, आणि मी कधी तसं म्हटलं नाही, हेही सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि दिवा बारीक केला. त्यानंतर तुझं नाव त्यांनी नेहमी आदरानं घेतलं. मला वाटलं, ते विसरले. आज त्यांना पेवाच्या तोंडाशी वाकलेलं पाहिलं आणि कळलं की ते विसरलेले नाहीत. तू मागितलेली वस्तू त्यांनी दिली नाही असं आजवर झालेलं नाही. माझं, त्यांच्या आईचं, विझलेल्या कंदिलाचं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. म्हणून लिहिते आहे. शेजारचे मधुकरराव उद्या पहिल्या बसनं नागपूरला जात आहेत, त्यांच्या हाती हे पाठवते. लगेच तार कर. ज्वारी नको, एवढंच लिही. कारण लिहू नकोस. पुन्हा त्यांना कसलंच काम सांगू नकोस.

शेवटी काय लिहायचं ते सुचत नाही. नुसतं नाव लिहिते.

सुनंदा

शुक्रवार, सकाळ. उजाडताच ते शेजारच्या विहिरीचा दोर मागून घेऊन आले. पांढुर्ण्याला जायची गरज नाही, आजच उतरतो म्हणाले. मी हे पत्र त्यांच्या हातात दिलं. ओट्यावर बसून त्यांनी ते दोनदा वाचलं. मग गुणवंताला हाक मारली, आणि दोघांनी गोबरगॅसच्या खड्ड्यासाठी आणलेली मुरमाची गाडी पेवात रिकामी केली. मधुकरराव बससाठी थांबले आहेत. पाकिटावर तुझा पत्ता मोरेश्वरांनी लिहिला आहे.