आज्जाच्या बेटावरचे पाहुणे

८ मार्च
मैबूबभाईच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बेटावर गेलो. धरण व्हायच्या आधी ही आमच्या शेताची उत्तरेकडची टेकडी. भोवती पाणी भरलं, माथा तेवढा राहिला. जांभा दगड, दोन बाभळी, एक म्हातारी घोरपड. माणूस राहत नाही. आज्जा तेवढा समाधीत बसलेला. गवत उपटलं, समाधीच्या ओट्यावर ताजा मुरूम पसरला. पुण्यस्मरणाआधी चुना द्यायचा.

२९ मार्च
चुन्याची बादली घेऊन उतरलो तर पिवळ्या चोचीचे पांढरे पक्षी डोक्यावर धावून आले. टोपीवर शिटले. ओट्यावर, मीच टाकलेल्या मुरमात, ठिपक्यांची तीन अंडी! चुना तसाच परत.
मैबूबभाई हसला, "दादाके घरकू मेहमान आये, तुम कायकू जाते?"

३० मार्च
भालकीहून अण्णाचा फोन.
"चुना कामून दिला न्हाईस? सगळे पावणे यायलेत."
"अंडी हायत, अण्णा."
"अंडी? लिंगायताच्या समाधीवर अंडी?"
मागून वहिनींचं हसू. अण्णा हसला नाही. सगळे बेटावरच जाणार म्हणतो. एवढी माणसं उतरली तर पक्षी उठणार. मग ऊन, नाहीतर कावळे.

३ एप्रिल
पहाटे पूजेत इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि ती अंडीच डोळ्यांपुढे आली. पाप की काय, कळेना. पण मन शांत होतं.

७ एप्रिल
अण्णाला म्हणालो, एकदा डोळ्यांनी बघ. आला, नारळ घेऊन. तराफा लांबच थांबवला. पक्षीण पाण्यावर आली, पोट भिजवलं, जाऊन तापल्या अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. अण्णा बघतच राहिला. नारळ मांडीवर.
"आज्जा बी असाच. कोण बी येवो, जागचा उठायचा न्हाई."
परतताना एवढंच, "काठावरूनच करू. आत्याला मी सांगतो."

१४ एप्रिल
पुण्यस्मरण झालं. काठावरून बेटाकडे तोंड करून विभूती, फुलं, मग हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं जेवण. आत्या रुसली होती. "माझा बाप तिकडं, मी हिकडं!" जेवण झाल्यावर डोळ्यांवर आडवा हात धरून बराच वेळ बेटाकडे बघत बसली. "पांढरं पांढरं हालायलंय ते काय रे?" दाखवलं.

२१ एप्रिल
पाणी झपाट्यानं उतरतंय. दक्षिणेला चिखलाचा पट्टा उघडा पडला, बेटाला जवळजवळ टेकलाय. त्यावर कुत्र्याची पावलं, अर्ध्यापर्यंत जाऊन परतलेली. मैबूबभाईनं आणि मी काठावरच्या बाभळीचे काटे आडवे टाकले. कुंपण म्हणायचं झालं.

२३ एप्रिल
एका अंड्याचं पिल्लू झालंय. मुरमाच्याच रंगाचं, हललं म्हणून दिसलं. दोन अंडी अजून तशीच. काट्यांपलीकडे आता चिखलसुद्धा वाळायला लागलाय.
अण्णाचा फोन आता रोज सकाळी. चुन्याचं नाव नाही.
"आज्जाकडं सगळे बरे हायत न्हवं?"
"आज तरी हायत," म्हणालो. कोयता घेतला, बाभळीकडे निघालो.