नंदाच्या नावचे तीस गुंठे

मी, म्हाळसाबाई सोपान कुऱ्हाडे, वय ६६, धंदा शेती, राहणार आळे, तालुका जुन्नर, हे मृत्युपत्र कोणी शिकवले म्हणून नव्हे, तर आपल्या मनाने दस्तलेखक सयाजी यांच्याकडून लिहून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. दात तेवढे माझे नाहीत.

१. राहते घर भांड्याकुंड्यांसह मुलगा अमृत यास.

२. माझे वडील भिमाजी यांनी मला बक्षीसपत्राने दिलेली तीस गुंठे जमीन सून नंदा हिला, तिच्या एकटीच्या नावे. कारण लिहून ठेवते, म्हणजे मागे भावकीत चर्चा नको.

बाराव्या वर्षापासून मी दातांना तंबाखूची मिसरी लावत होते. चाळिशीत हिरड्यांतून रक्त येऊ लागले, मग पू. दात हलू लागले. ठणक लागली की मी आणखी मिसरी लावी. पुढे भाकरी सुटली, दुधात कुस्करून खाऊ लागले. दोन वर्षांपूर्वी डाव्या गालाला आतून तिखट झोंबायला लागले. अमृत म्हणाला, "आई, वय झालं. आता कुठं दात करीत बसती?"

नंदाने मला उजेडात बसवले. "आत्याबाई, तोंड उघडा." बॅटरी धरून पाहिले नि म्हणाली, "पांढरा चट्टा हाय. उद्याच नारायणगावला जायचं."

तिथे डॉक्टर अश्विनीताई म्हणाल्या, "आजी, दात मिसरीनं गेले. पण हा चट्टा मला बरा वाटत नाही. तुकडा काढून तपासायला पाठवू."

आठ दिवस मला घास गोड लागला नाही. नंदाही माझ्याबरोबर अर्धपोटी राहिली. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण मिसरी चालू ठेवली तर होऊ शकतो. मी त्याच दिवशी डबी उकिरड्यात टाकली. महिनाभर डोके धरले, पोट साफ होईना. नंदा पाठीशी उभी राहिली. उरलेले पाच दात काढून कवळी बसवली. पहिली टोचली, डॉक्टरांनी घासून दिली. आज मी बाजरीची भाकरी चावून खाते. दर सहा महिन्यांनी गाल दाखवून येते.

३. दीर दादाभाऊ यांनी बाजारातल्या माणसाकडून पकडीने माझी दाढ उपटवली. जबडा पंधरा दिवस सुजला होता. माझ्या जमिनीशी त्यांचा संबंध नाही. तेराव्याला जेवायला मात्र यावे.

४. सोन्याच्या पुतळ्यांची माळ नात समृद्धी हिला. तिने मिसरीला बोट लावू नये.

५. हे कलम आज वाढवले. मजकूर वाचून दाखवला तेव्हा अमृत उठून बाहेर गेला. मला वाटले, जमिनीवरून रुसला. पण तो तोंडातली तंबाखू थुंकून आला आणि बायकोला म्हणाला, "नंदे, माझ्या बी तोंडात बघ की जरा. लई दिवस झालं, जेवताना आग व्हतीय."

नंदा बॅटरी आणायला उठली आहे. मी सही करते.

म्हाळसाबाई सोपान कुऱ्हाडे

साक्षीदार:
१. डॉ. अश्विनी, दंतवैद्य, नारायणगाव (लिहून देणार शुद्धीवर असल्याची खात्री करून)
२. जानकू, शेजारी, आळे

मुक्काम आळे, ता. १४ डिसेंबर २००३