पायाळू पोरीचा पाय

आबा,

तुमची कंबर कशी आहे, असं विचारायची माझी सवय, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी, सुटलेली नाही. सकाळी चुलीपुढून उठताना आता माझीच कंबर धरते. भिंतीला हात लावून उभी राहते आणि तोंडातून तुमचाच "आई गं" बाहेर पडतो, तसाच लांबवलेला. नातवंडं हसतात. तुमच्या शेवटच्या वयापेक्षा माझं वय आता जास्त झालंय, तेव्हा तुमच्याशी चार शब्द बरोबरीनं बोलायला हरकत नसावी.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि सगळं गाव कुस्तीनं वेडं झालं होतं. पेठेपेठेत तालीम आणि तालमीत वस्ताद. निखळलेला खांदा बसवायचा तो वस्तादानं, धरलेली कंबर सोडवायची ती वस्तादानं. दरबारचा दवाखाना होता, डॉक्टरही होते, पण तिथं माणसाला मरायलाच नेतात अशी आपल्या तांबटांच्या आळीची पक्की समजूत. तुम्ही दिवसभर मांडी घालून, पुढं वाकून घंगाळं आणि हंडे ठोकत बसायचात. संध्याकाळी उठायची वेळ आली की आधी हात टेकायचे, मग एक गुडघा, मग बराच वेळ काहीच नाही. आम्ही पोरी श्वास धरून बघत राहायचो. फारच धरलं की तुमचे दोस्त वस्ताद यायचे, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, अंगाला तिळाच्या तेलाचा वास. तुम्हाला कुशीवर वळवून, एक हात खांद्याला नि एक कमरेला लावून ओरडायचे, "आरं, श्वास सोड की! म्हशीगत काय फुगतोयस?" मग कट्ट असा आवाज यायचा आणि तुम्ही आठवडाभर ताठ चालायचात. आठवडा सरला की पुन्हा तेच. पण त्या आठवड्यातले तुम्ही मला फार आवडायचात.

दुसरा उपाय मी होते. तुमची चौथी मुलगी, पण पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. असल्या माणसानं पाय लावला की कमरेत भरलेली उसण जाते, हे आळीत कुणाला शिकवावं लागत नव्हतं. तुम्ही घोंगड्यावर पालथे पडता, मी डावा पाय तुमच्या कमरेवर ठेवते, हलकीच लाथ मारते, आणि तुम्ही घोंगड्यातच तोंड खुपसून म्हणता, "गेली बघ!" बापाच्या अंगाला मुलीनं पाय लावायचा आणि वर शाबासकी घ्यायची, हा मान आळीत माझ्या एकटीचा. शेजारपाजारचेही यायचे. हिशेबात मी कच्ची होते, पण माझा पाय पक्का होता. आभाळ भरून आलं की वीज पायाळूला हेरते म्हणून तुम्ही धावत येऊन मला घरात ओढायचात. थोरल्या तिघी अंगणातच राहायच्या, त्यांची काळजी विजेला नव्हती आणि तुम्हालाही नव्हती.

मग ते वर्ष आलं, तुमचा उजवा पाय जड पडायला लागला ते. चप्पल पायातून गळून पडायची आणि तुम्हाला दोन पावलं पुढं गेल्यावर कळायचं. एकदा तांबं तापवताना निखारा उडून तुमच्या पावलावर पडला. तुम्ही ठोकतच होता. आईनं धावत येऊन तो चिमट्यानं उचलला, तेव्हा तुम्ही खाली बघितलंत आणि हसलात. आई हसली नाही. माझा दंड धरून ती मला चुलीपाशी घेऊन गेली आणि भाकरी थापायला बसली. थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू पायाळू न्हाईस."

मला वाटलं, रागावली आहे. पण ती बोलतच राहिली. मी चौथी मुलगी झाले म्हटल्यावर तुम्ही बघायलासुद्धा आला नव्हतात. तेव्हा सुईणच बाहेर जाऊन तुम्हाला म्हणाली, "पोर पायाळू हाय, लई गुणाची!" मग तुम्ही आत आलात आणि आधी माझे पाय हातात घेतलेत. "त्या माउलीनं तुझ्यासाठी लबाडी केली," आई म्हणाली, "आन मी झाकली. पर आता त्येंचा पाय चाललाय. तू लाथ मारशील, वस्ताद कंबर मोडतील, हे पुन्यांदा ठोकाय बसतील, आन एक दिस उठायचे न्हाईत. पाय मागितला तर देऊ नगंस. खरं बी सांगू नगंस." तव्यावरची भाकरी करपली, तिनं तीच स्वतःच्या ताटात घेतली.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही घोंगडं अंथरलंत. पालथे पडून हाक मारलीत, "ये गं." मी उंबऱ्यावर उभी आहे, चौकट धरून. म्हणाले, "न्हाय देत. दवाखान्यात जावा." तुम्ही मान वळवून बघितलंत. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. मारलं असतंत तर बरं झालं असतं. "शाळंत घातली म्हणून पाय जड झाला व्हय तुझा? बापाचं एवढं बी हुईना?" मी चौकट सोडली नाही. "मग ऱ्हाऊ दे. तुझ्यावाचून अडतंय व्हय माझं? जातो दवाखान्यात, मरतो तितंच." मला खरंच वाटलं, मीच तुम्हाला मरायला पाठवलं.

टांग्यात वस्ताद बरोबर बसले, शेवटी माझी कीव येऊन मलाही घेतलं. तरणे डॉक्टर होते. तुमच्या तळव्यावर त्यांनी टाचणी फिरवली, अंगठा उचलायला सांगितला. अंगठा उचलला नाही. "मणक्याशी शीर दाबली जातेय," ते म्हणाले. "आता इथंच फळीवर सपाट पडून राहायचं, काही महिने. कमरेला कुणी झटका देऊ नका, पाय कायमचा जाईल." वस्तादांनी रुमाल काढून हातात घेतला. "मंजे आमचं काम संपलं म्हना की." डॉक्टरांनी थोडा विचार केला. "कमरेला हात लावू नका. पाय मात्र रोज चोळा. मला तेवढा वेळ नाही आणि तुमच्यासारखा हातही नाही." तो माणूस मला तिथंच आवडला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. वस्ताद तालमीतून सुटले की तुमच्या पायथ्याशी बसायचे, चोळताना डॉक्टरांना शिव्या घालायचे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तंतोतंत पाळायचे. एका सकाळी अंगठा हलला. वस्ताद एवढ्यांदा ओरडले की शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. तुम्ही काठी घेऊन चालत घरी आलात. मोठा हातोडा पुन्हा उचलला नाहीत, पळ्या, तांबे, निरांजनं करत राहिलात. आणि माझा पाय पुन्हा कधी मागितला नाहीत. कधीच नाही.

लग्नात तुम्ही मला तांब्याची वजरी दिलीत, स्वतः घडवलेली, मुठीत नेमकी बसणारी. सासरची माणसं हसली, पाय घासायची वजरी कुणी आंदण देतं का! तुम्ही खाली बघत म्हणालात, "पाय जपून ठेव बाळ. चारचौघांच्या कामाचा हाय." मला तेव्हा रडू आलं ते सासरी जायचं म्हणून, असं सगळे समजले.

लोक अजून येतात, आबा. मी आधी पायाला मुंग्या येतात का विचारते, अंगठा उचलायला लावते. नाही उचलला तर दवाखान्याची वाट दाखवते. नुसती उसण असली तर वजरीनं पाय घासून येते आणि लाथ मारते. बहुतेकांची जाते. का जाते, मला माहीत नाही.

हे पत्र टाकायचं कुठं? वजरीखाली ठेवीन. मी पायाळू नाही, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. आणि आणखी एक. आईनं सगळं सांगितल्यावरसुद्धा माझा विश्वास गेला नव्हता. मी पाय दिला असता तर तुम्ही बरे झाला असता, असंच त्या दिवशी मला वाटत होतं. पाय आपोआप तुमच्याकडे निघाला असता, म्हणून तर चौकट धरून उभी होते.