बुवा, तुमच्या अभंगात आगगाडी शिरली

बुवा,

तुमी गेले तेव्हा कारंज्याले आगगाडी आली नव्हती. गाव तुमाले संत म्हणे, अन् तुमी आपले कापसाच्या गाडीवर बसून, बैलाच्या पावलावर अभंग जुळवत जायचे. बैल थांबले की ओळही थांबे. मी शेजारी टाळ घेऊन, अन् माझा टाळ नेहमी पुढं धावायचा. एकदा तुमी वळून म्हणाले, "अबे, विठोबा काय पयून चालला? दमानं घे न!" मागचा गाडीवान खो खो हसला. मग तुमीच माझ्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या.

आता मी खरगपूरच्या रेल्वे कारखान्यात घण मारतो. पायाले भिंगरी, दुसरं काय! संध्याकाळी आमी चार वऱ्हाडी भजनाले बसतो. एक बंगाली मिस्त्री त्याचा मृदंग घेऊन येतो. त्याले आपली बोली कळत नाही, पण विठ्ठल म्हटलं की डोळे मिटतो. एक दिवस तुमचा बैलगाडीचा अभंग रंगात आला अन् तिसरं कडवं मले आठवेचना. टाळ तर थांबवता येईना. तोंडातून निघून गेलं,

शिट्टी देई विठू, धूर सोडी वर,
चला भरभर, भरा गाडी.

मृदंग असा घुमला, काय सांगू! आपल्या गावचा एक गडी इथंच कामाले आहे. तो ते पाठ करून दिवाळीले घरी गेला. काल परत आला अन् सांगून राह्यला, "गावात लय गाजलं ना भाऊ! कीर्तनकार सांगते, बुवाले आगगाडी आधीच दिसली होती. बाया समाधीले शिट्टीवाले बाबा म्हणून नवस बोलून राह्यल्या!"

मी हसून हसून आडवा झालो. मग उठून बसलो. तुमाले चमत्काराचा केवढा राग! कोणी अंगारा मागितला की म्हणायचे, "चमत्कार पाहाचा असन तं सरकी पेर, अन् बोंड फुटेपर्यंत थांब." खरं कळवावं तर ते कडवं गाळतील, न कळवावं तर तुमच्या नावाले चमत्कार चिकटतो. मी गड्याले विचारलं, "बुवाचं मूळचं कडवं कोणाले येते काय?" "कोणालेच नाई." "मग हे कसं म्हणते?" "नाचून म्हणते! म्हातारा कोतवाल बी काठी फेकून नाचला."

मग कायले कळवू? नाचू द्या. तुमी रागावले तर माझ्यावर रागवा.

हा कागद पेटीतच राहील. एक मात्र सांगतो. आज घण मारता मारता आणखी एक अभंग जुळला, पुलावरून जाणाऱ्या गाडीचा. शेवटच्या ओळीत माझं नाव घालून पाहिलं, पण गोडी येईना. मग तुमचंच घातलं.